बंदराच्या नावाचे ड्यूक : डान्त्सिग, रागुझा, ओत्रांतो आणि मंडळी

दर्यासारंग (धागाकर्ता)

'डान्त्सिगचा ड्यूक' असं वाचलं की वाचणारा धरून चालतो, हा माणूस डान्त्सिगवर राज्य करत असणार. मराठी अनुवादांतही 'ओत्रांतोचा जहागीरदार', 'रागुझाचा अधिपती' असले शब्द बिनदिक्कत येतात. नेपोलियनच्या काळातल्या किताबांपुरतं तरी हे साफ चूक आहे, आणि ते का चूक हे एकदा नीट मांडावं म्हणून हा धागा. विषय मुद्दाम किनाऱ्यावरच्या शहरांपुरता ठेवतो, नाहीतर गाडी कुठल्या कुठे जाईल.

डान्त्सिगपासूनच सुरुवात करू. आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क. १८०७ च्या मार्चपासून मार्शल लफेव्र बाल्टिककाठच्या या बंदराला वेढा घालून बसला होता. आत प्रशियाचा काल्क्रॉइट. मे महिन्याच्या २४ तारखेला त्याने शरणागतीचा करार केला आणि २८ मे ला नेपोलियनने लफेव्रला डान्त्सिगचा ड्यूक केलं. जुलैत टिल्झिटचा तह झाला आणि त्यात डान्त्सिग 'स्वतंत्र नगर' ठरलं. तिथे फ्रेंच गव्हर्नर म्हणून बसला जनरल राप. म्हणजे कागदोपत्री शहर स्वतःचं, हुकूम रापचा, आणि नाव तेवढं लफेव्रचं. ड्यूकला त्या शहरात एक दिवाणी दावा ऐकायचाही अधिकार नव्हता.

आता दुसरी तऱ्हा. ३० मार्च १८०६ च्या फर्मानाने नेपोलियनने इटलीतल्या जुन्या व्हेनिसच्या मुलखात १२ डची, म्हणजे ड्यूकच्या किताबाला जोडलेले मुलूख, काढल्या: डाल्मेशिया, इस्त्रिया, फ्रिउली, कादोरे, बेल्लुनो, कोनेल्यानो, त्रेव्हिझो, फेल्त्रे, बस्सानो, व्हिचेन्झा, पादुआ, रोव्हिगो. या मुलखाच्या वसुलाचा पंधरावा हिस्सा त्या त्या ड्यूकसाठी राखून ठेवला. नेपल्सच्या राज्यातही अशाच डची निघाल्या आणि आपल्याला हव्या त्या बंदरांची नावं तिथलीच: गाएता, ओत्रांतो, तारान्तो, रेज्जो. यांना 'ग्राँ फिएफ' म्हणत. शब्दशः 'मोठी जहागीर', पण जहागिरीत असतो तसा मुलकी कारभार यात औषधालाही नाही. वसूल स्थानिक सरकारनेच करायचा, ड्यूकला ठरलेला पैसा पोचता व्हायचा.

गंमत अशी की गाएताचा वेढा १८०६ च्या जुलैत मार्शल मासेनाने संपवला, पण गाएताचा ड्यूक झाला गोदँ, म्हणजे नेपोलियनचा अर्थमंत्री. ओत्रांतो मिळालं फूशेला, पोलीसमंत्र्याला. तेव्हा गावाचं नाव दिसलं म्हणून लगेच तिथली लढाई शोधायला निघू नये.

---

ताम्रपट

चांगला धागा. एक भर घालतो: किताब आणि त्यामागचा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि १८०८ नंतर त्या कायद्यानेच वेगळ्या केल्या.

१ मार्च १८०८ च्या फर्मानांनुसार किताब पुढच्या पिढीकडे जायचा तर 'माजोरा' उभा करावा लागे. माजोरा म्हणजे किताबाला कायमची जोडलेली मिळकत. ड्यूकसाठी वर्षाला २,००,००० फ्रँक उत्पन्न देणारी, काउंटसाठी ३०,०००, बॅरनसाठी १५,०००. ही रक्कम मिळकतीची किंमत नव्हे, वार्षिक उत्पन्न. इथे फार लोक घसरतात.

मिळकत कशी हवी याचेही नियम. जमीन-इमारत चालेल, पण गहाण नसलेली. सरकारी रोखे चालतील, बँक ऑफ फ्रान्सचे शेअर चालतील, मात्र ते 'अचल' करून घ्यायचे, म्हणजे पुढे विकता येणार नाहीत अशी नोंद करायची. मग अर्ज जायचा किताबांच्या शिक्क्यासाठी नेमलेल्या मंडळाकडे, ज्याचा प्रमुख होता कांबासेरेस. छाननी झाली की चर्मपत्रावर सनद, शिक्का, आणि नोंद. माजोरा विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, सावकाराला जप्त करता येत नाही, भावांत वाटता येत नाही. थोरल्या मुलाकडे किताबाबरोबर आपसूक जातो.

यात दोन प्रकार. बादशहाने स्वतःहून दिलेली मिळकत, आणि अर्जदाराने स्वतःच्या पैशातून उभी केलेली. पुरुषवंश खुंटला तर पहिल्या प्रकारची मिळकत बादशाही खजिन्याकडे परत जायची. मार्शल मंडळींच्या डची बहुतेक पहिल्या प्रकारातल्या.

---

भाऊबंद

म्हणजे आपल्याकडचा सरंजामच की हो! गावाचा वसूल नावावर, मालकी नाही.

---

ताम्रपट

@भाऊबंद, अर्धं बरोबर. वसूल तोडून देणं सारखं. पण सरंजाम फौज बाळगण्यासाठी. इतके स्वार ठेवा, हाक आली की हजर व्हा. ड्यूकच्या माजोऱ्याला तसं काही चाकरीचं ओझं नव्हतं. वतनाशी तुलना करायची तर तीही फसते, कारण वतनाचे हिस्से पडतात आणि मग तुमचं सदस्यनाम खरं ठरतं. माजोरा फुटतच नाही. इनामाच्या जवळ जाणारी गोष्ट आहे, पण इनाम थोरल्यालाच जातं असं नाही.

माझ्या मते 'सरंजाम' शब्द अनुवादात वापरू नये. वाचकाच्या डोळ्यांपुढे नको ते चित्र उभं राहतं. 'ड्यूक' तसाच ठेवावा आणि मिळकतीला 'नेमणूक' म्हणावं. 'सालीना नेमणूक' हा आपल्या दफ्तरांतला जुना शब्द आहे आणि इथे चपखल बसतो.

---

दर्यासारंग

'नेमणूक' आवडला. आजकाल तो नोकरीच्या अर्थाने इतका रुळलाय की तळटीप द्यावी लागेल, पण चालेल.

---

नकाशावाली

गावं ओळखण्यात होणाऱ्या चुकांबद्दल लिहिते. तीन नावांवर हमखास घोटाळा होतो.

रागुझा. नेपोलियनचा मार्शल मार्मों याच्या किताबातलं रागुझा म्हणजे आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक, एड्रिआटिकच्या काठचं. सिसिलीत अगदी त्याच नावाचं दुसरं गाव आहे, ते डोंगरावर, समुद्रापासून आत. इटालियन नकाशात 'रागुझा' शोधलं की आधी सिसिलीचंच दिसतं आणि लोक तिथेच टाचणी टोचतात. ओळखायची खूण सोपी: नेपोलियनच्या काळात सिसिली बेट इंग्रज आरमाराच्या आडोशाला नेपल्सच्या बूर्बों राजाकडेच होतं. तिथे फ्रेंच सत्ता कधी पोचलीच नाही. तेव्हा सिसिलीतल्या गावाचं नाव नेपोलियनच्या ड्यूकला मिळण्याचा संबंधच नाही.

रेज्जो. मार्शल उदिनोचं रेज्जो (किताब १८१०) म्हणजे कालाब्रियातलं, मेस्सिनाच्या सामुद्रधुनीवरचं. उत्तरेत एमिलियात दुसरं रेज्जो आहे, आणि एस्ते घराण्याचे राजे स्वतःला 'मोदेना आणि रेज्जोचे ड्यूक' म्हणवत, ते हे उत्तरेचं. एकाच पानावर दोन्ही 'रेज्जोचे ड्यूक' आले की सूचीकार दोघांना एका नोंदीखाली ढकलतो. एस्तेंचा किताब राज्य करणाऱ्याचा, उदिनोचा नुसता नावाचा.

तारान्तो. इथे गाव एकच, पण किताब दोन. मॅकडॉनल्ड १८०९ मध्ये वाग्रामच्या लढाईनंतर मार्शल झाला आणि त्याच वर्षी 'तारांतचा ड्यूक'. फ्रान्समध्येच ला त्रेमुय घराण्याचा थोरला मुलगा त्याच्या कितीतरी आधीपासून 'तारांतचा प्रिन्स' म्हणवत होता. हे घराणं नेपल्सच्या गादीवर जुन्या सोयरिकीतून हक्क सांगायचं, त्याची ही खूण. त्याच्याही मागे गेलं तर ११ व्या शतकातला नॉर्मन बोहेमंड. तो मात्र खराखुरा तारान्तोचा धनी, पहिल्या क्रुसेडमध्ये जाऊन अँटिऑकचा प्रिन्स झालेला. एका बंदरावर तीन तऱ्हेचे किताब: सत्ता असलेला, हक्क सांगणारा, आणि बक्षिसाचा.

---

दर्यासारंग

@नकाशावाली, रागुझाला एक जोड. ३१ जानेवारी १८०८ ला तिथलं जुनं प्रजासत्ताक बरखास्त झालं ते मार्मोंच्याच हुकमाने, आणि त्याच वर्षी त्याला त्या नावाचा किताब. बुडवणाऱ्यालाच नाव बहाल!

पुढे १८१४ च्या एप्रिलमध्ये ४-५ तारखेच्या रात्री मार्मोंचं सहावं कोअर (फौजेचा मोठा विभाग) शत्रूच्या फळीत जाऊन बसलं आणि नेपोलियनचा मुलासाठी गादी वाचवायचा शेवटचा डाव संपला. त्यावरून फ्रेंचमध्ये 'रागुझे' असं क्रियापदच पडलं, अर्थ दगा देणे. किताबातलं गाव शिवीत गेलं. दुब्रोव्हनिककरांनी यात काय पाप केलं होतं देव जाणे.

---

पिसारा

चिन्हांबद्दल कोणी बोललं नाही अजून. जुनी तैलचित्रं, चांदीची भांडी, पुस्तकांवरचे ठसे यांवर ढाल दिसली तर किताब वाचता येतो, तो असा:

ढालीच्या वरच्या भागात आडवा लाल पट्टा आणि त्यावर विखुरलेले रुपेरी तारे दिसले तर ड्यूक. काउंटच्या ढालीला वर एका कोपऱ्यात निळा चौकोन, बॅरनला दुसऱ्या कोपऱ्यात लाल चौकोन. यात सगळ्यांची दांडी उडते ती उजव्या-डाव्यात. ढालीची बाजू ढाल धरणाऱ्याच्या अंगाने मोजतात, बघणाऱ्याच्या नाही. काउंटचा चौकोन 'उजवीकडे' म्हणजे आपल्याला समोरून डावीकडे दिसणार. बॅरनचा उलट.

ढालीवर मुकुट नसतो, मखमली टोपी असते. तिच्यावरची शहामृगाची पिसं मोजा. ७ म्हणजे ड्यूक, ५ काउंट, ३ बॅरन, १ साधा शिलेदार. ही पद्धत नेपोलियनची खास. जुन्या राजवटीत मुकुट असत आणि १८१४ नंतर पुन्हा मुकुटच आले. त्यामुळे एकाच घराण्याच्या वस्तूंवर कधी टोपी, कधी मुकुट. टोपी असेल तर ती वस्तू बहुधा १८०८ ते १८१५ मधली. पण उलट निष्कर्ष काढू नका, मुकुट दिसला म्हणून घराणं जुनं असं होत नाही.

तारे झिजून गेलेले असतात हेही लक्षात ठेवा. भांड्यांवर राखेने घासघासून आधी तेच जातात. लाल रंग कोरीव कामात उभ्या रेघांनी दाखवतात, निळा आडव्या रेघांनी. तारे गेले तरी रेघा राहतात.

---

भाऊबंद

रेघांचं माहीत नव्हतं. भारी. मग नेपोलियन पडल्यावर या सगळ्यांचं काय झालं? इटली गेली म्हणजे वसूलही गेला असणार.

---

ताम्रपट

गेलाच. इटली आणि नेपल्समधून येणारी नेमणूक १८१४ मध्ये बंद पडली. किताब मात्र राहिले. फ्रान्सच्या गादीवर परत आलेल्या बूर्बों राजाच्या सनदेतलं ७१ वं कलम: जुन्या उमरावांना त्यांचे किताब परत, नव्यांचे त्यांच्याकडे कायम. म्हणून 'डान्त्सिगचा ड्यूक' हे नाव प्रशियाच्या ताब्यात गेलेल्या शहराचं असूनही पॅरिसमध्ये बिनबोभाट चालत राहिलं. पुढे १८३५ च्या कायद्याने नवे माजोरा उभे करायलाच बंदी घातली.

बंदरवाल्या ड्यूकांचे वंश असे. लफेव्रला पुष्कळ मुलगे झाले पण १८२० मध्ये तो वारला तेव्हा एकही हयात नव्हता, डान्त्सिग तिथेच संपलं. गोदँबरोबर १८४१ मध्ये गाएता संपलं. मार्मों १८५२ मध्ये व्हेनिसला निपुत्रिक वारला, रागुझा संपलं. तारान्तो नातवाबरोबर १९१२ मध्ये, रेज्जो १९५६ मध्ये.

राहिलं ओत्रांतो. फूशे स्वतः परागंदा होऊन १८२० मध्ये त्रिएस्तला वारला. त्याचा एक मुलगा स्वीडनला गेला. तिथे तेव्हा गादीवर आलेला बर्नादोत हा नेपोलियनचाच जुना मार्शल, त्यामुळे दरबारात वाट सोपी होती. तो वंश अजून स्वीडनमध्ये आहे आणि किताबही चालू आहे. इटलीतल्या बंदराचं नाव, फ्रेंच सनद, स्वीडिश कुटुंब.

---

नकाशावाली

स्पेनची एक जागा राहिली. नेपोलियनचा मार्शल सूशे याने १८१२ च्या जानेवारीत व्हॅलेन्सिया घेतलं, पण किताब मिळाला 'आल्बुफेराचा ड्यूक'. आल्बुफेरा म्हणजे शहराच्या दक्षिणेला समुद्रालगतचं खाजण. शहर सोडून खाजणाचं नाव का? कारण पैसा तिथे. मासेमारी, पाणपक्ष्यांची शिकार, आणि काठची भातशेती. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. 'व्हॅलेन्सियाचा ड्यूक' हा किताब पुढे १८४७ मध्ये स्पेनच्या राणीने जनरल नार्व्हाएझला दिला. तो स्पॅनिश, यांचा त्यांचा काही संबंध नाही. एकाच परिसरातले दोन किताब म्हणून जोडू नयेत.

---

मांडवीकाठ

गोव्याची बाजू मांडतो, कारण पोर्तुगीज पद्धत यापेक्षा निराळी आहे आणि तिथे किनाऱ्यावरच्या गावाचा किताब कसा *हुकतो* याचं नामी उदाहरण सापडतं.

वास्को द गामा भारतातून परतल्यावर १४९९ च्या डिसेंबरात राजा मानुएलने त्याला सीनिश द्यायचं कबूल केलं. सीनिश हे पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचं त्याचं जन्मगाव. अडचण एकच होती, गाव राजाचं नव्हतंच. ते सांतियागो नावाच्या धर्मसंघाच्या मालकीचं. संघाला बदली जागा देऊन, त्यांच्या संमतीने गाव सोडवायचं असं ठरलं, आणि संघाने दाद दिली नाही. वास्कोने मधल्या काळात तिथे धन्यासारखं वागायला सुरुवात केली तेव्हा १५०७ मध्ये उलट त्यालाच गाव सोडायचा हुकूम झाला. अखेर १५१९ मध्ये ब्रागांसाच्या ड्यूककडून विदिगेइरा विकत घेऊन तो तिथला काउंट झाला. विदिगेइरा समुद्रापासून चांगलंच आत. म्हणजे समुद्रावर नाव कमावलेल्या माणसाचा किताब जमिनीवरचा!

यातून पोर्तुगीज पद्धतीचा मुद्दा कळतो. तिथे किताबामागे खरं गाव, खरी मालकी लागायची, आणि ती आधीच दुसऱ्याची असेल तर राजाचा शब्दही अडायचा. नेपोलियनला ही अडचण नव्हती कारण तो गाव देतच नव्हता.

हळर्णचं नावही यात येतं. पेडणे तालुक्यात शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला १७४६ मध्ये व्हाइसरॉय पेद्रो द आल्मेइदाने सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला. तो तेव्हा कास्तेलु नोव्होचा मार्केझ होता. १७४८ मध्ये त्याचा किताब बदलून 'आलोर्नाचा मार्केझ' झाला. आलोर्ना हे हळर्णचंच पोर्तुगीज रूप. नदीकाठ आहे, समुद्रकाठ नाही, पण डान्त्सिगसारखाच जिंकलेल्या जागेचा किताब, आणि लफेव्रच्या साठ वर्षं आधी. पोर्तुगालच्या इतिहासात 'आलोर्ना' हे नाव पुढे बरंच गाजलं. ते पेडण्यातल्या एका खेड्याचं आहे हे तिकडे कितीजणांच्या ध्यानात असतं कोण जाणे.

पेडण्याच्याच देशप्रभूंना पोर्तुगीज राजाने बॅरन आणि मग व्हिस्काउंट केलं, 'व्हिस्कोंद द पेर्नें'. इथे गावाशी नातं किताबाच्या आधीपासूनचं. घराणं तिथलंच, किताबाने फक्त वर शिक्का मारला.

---

भाऊबंद

आणि ड्यूक ऑफ एडिंबरो? तेही फोर्थच्या खाडीवरचंच शहर. तो किताब मध्येच गायब होतो आणि पुन्हा येतो, ते कसं?

---

ताम्रपट

ब्रिटिश पद्धतीत दर वेळी नवी निर्मिती होते आणि क्रमांक पुन्हा १ पासून. १७२६ मध्ये पहिल्यांदा, राजपुत्र फ्रेडरिकसाठी. त्याच्यानंतर मुलाकडे गेला, तो मुलगा १७६० मध्ये तिसरा जॉर्ज म्हणून राजा झाला आणि किताब राजपदात विरला. राजा स्वतःच्याच हाताखालचा सरदार असू शकत नाही, म्हणून विरतो. मधे १७६४ मध्ये 'ग्लॉस्टर आणि एडिंबरो' असा जोडकिताब. १८६६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या मुलाला, आल्फ्रेडला. १९०० मध्ये तो वारला तेव्हा मुलगा हयात नव्हता, किताब खुंटला. १९४७ मध्ये फिलिपला. २०२१ मध्ये तो चार्ल्सकडे आला आणि ८ सप्टेंबर २०२२ ला चार्ल्स राजा होताच पुन्हा विरला. २०२३ मध्ये एडवर्डला दिला तो फक्त त्याच्या हयातीपुरता, मुलाकडे जाणार नाही.

'खुंटला' आणि 'विरला' हे दोन शब्द वेगळे ठेवा. खुंटणे वारस नसल्याने, विरणे वारस राजा झाल्याने. दोन्हींना 'संपला' म्हटलं की नव्या निर्मितीचं कारण कळत नाही.

---

नकाशावाली

यातल्या आल्फ्रेडची खूण मुंबईत आहे. रीगल सिनेमासमोरची महाराष्ट्र पोलीस मुख्यालयाची इमारत मूळची रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. त्याच्या १८७० च्या मुंबईभेटीत पायाभरणी झाली आणि १८७६ मध्ये ती पुरी झाली. जुन्या मराठी मजकुरात 'ड्युक आफ एडिंबरो' आला आणि साल १८७० च्या आसपासचं असेल तर तो आल्फ्रेडच. फिलिपचा फोटो चिकटवू नये.

---

पिसारा

लिहिताना 'ड्यूक ऑफ रागुझा' की 'रागुझाचा ड्यूक'? फ्रेंच कागदांत 'द्यूक द रागूझ' असतं, त्याला मधल्यामध्ये इंग्रजी 'ऑफ' लावणं विचित्र वाटतं.

---

दर्यासारंग

'रागुझाचा ड्यूक'. 'ऑफ' फक्त ब्रिटिश किताबांना, कारण तिथे तो नावाचाच भाग होऊन मराठीत रुळलाय. आणि गावाचं रूप किताब दिला तेव्हाचं ठेवायचं: डान्त्सिग, ग्दान्स्क नव्हे, रागुझा, दुब्रोव्हनिक नव्हे. आजचं नाव पहिल्या उल्लेखाला एकदा सांगून टाकायचं. सूचीत मात्र माणूस आडनावाखाली लावा आणि किताबाखाली फक्त 'पाहा' द्या: 'रागुझाचा ड्यूक, पाहा मार्मों'. रेज्जोला दोन 'पाहा' लागतील, एक उदिनोकडे, एक एस्ते घराण्याकडे.

---

नकाशावाली

आणि तारान्तोला तीन.